मोरपंखी भोपळा

[पोर्चची पायरी, अगदी जवळून. पणती, रांगोळी, मागे भोपळा.]

ही पणती खोटी आहे. बॅटरीवर चालते.

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. एडिसन, न्यू जर्सी. या महिन्यात राज्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. वणव्याचे इशारे चालू आहेत आणि पोर्चसमोर वाळक्या पानांचा हा एवढा ढीग. म्हणून खरी समई आत देवापाशी, बाहेर ही. शेजारी कुयरीची रांगोळी, आणि रांगोळीला लागून हा भोपळा.

आज हॅलोविनही आहे, सोंगं घेतलेली मुलं घरोघर कँडी मागत हिंडणार. हॅलोविनचा भोपळा नारिंगी असतो, आतून कोरलेला, दात विचकणारा. हा कोरलेला नाही. काकूंनी त्याला मोरपंखी रंगाचे दोन हात दिलेत. देठापाशी ब्रश पोचला नाही, तिथे नारिंगी दिसतंय. राहू दे म्हणाल्या.

[स्वयंपाकघर. टेबल वरून.]

टेबलाच्या या टोकाला दिवाळी. चिवड्यात तळलेले दाणे. चकलीत तीळ. काजूकतली. त्या टोकाला दुकानातून आणलेल्या कँडीच्या तीन मोठ्या पिशव्या. मधे दोन वाडगे, एक नारिंगी, एक मोरपंखी.

काकू हात धुतायत. कोपरापर्यंत, साबणाने. सिंकशेजारी सॅनिटायझरची बाटली आहे, पण तिचा इथे उपयोग नाही. त्याने जंतू मरतात, दाण्याचा अंश हातावर तसाच राहतो, आणि दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला तेवढाही बाधू शकतो. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. सकाळपासून याच हातांनी चिवडा कालवलाय.

[पिशवीची मागची बाजू. चष्मा, बोट, बारीक अक्षरं.]

आता लेबलं. हे चित्रण अकरा मिनिटांचं होतं, तुम्हाला थोडंच दाखवतोय.

अमेरिकेत २००४ साली कायदा झाला. दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया या आठांपैकी काही पदार्थात असेल तर ते पाकिटावर स्पष्ट लिहायचं. नववा आला तीळ, १ जानेवारी २०२३ पासून. म्हणजे आपली चकली त्या यादीत उशिरा पोचली.

पण ‘यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ ही ओळ छापायची सक्ती नाही. कंपनीची मर्जी. दुसरी गोम अशी की छोट्या आकाराच्या कँडीतले घटक मोठ्या वडीसारखेच असतील असं नाही, आणि घटकांची यादी पुष्कळदा फक्त बाहेरच्या पिशवीवर असते. पिशवी फाडली, कँडी वाडग्यात ओतली, पिशवी कचऱ्यात गेली, की मुलाच्या हातात येतो एक चकचकीत कागद.

भोंडल्यात खिरापत ओळखायची असते. इथे ओळखण्यावर सोडून भागत नाही.

[नारिंगी वाडगा भरताना.]

पिशव्यांतली सगळी कँडी नारिंगी वाडग्यात. काकूंनी तीन वेगवेगळ्या नावांची चॉकलेटं आणलीत, तीनही दाण्यांची. यावर त्यांचं म्हणणं, मुलांना तीच आवडतात.

[मोरपंखी वाडगा.]

यात खायचं काही नाही. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणारी कडी. मऊ मातीचे छोटे डबे आणले होते, ते परत कपाटात गेले. प्ले-डो नावाच्या या मातीत गहू असतो.

[जुनं छायाचित्र नाही. भोपळ्यावरच कॅमेरा ठेवावा.]

ही रीत टेनेसी राज्यातली. २०१२ साली तिथल्या पूर्व भागातल्या फूड ॲलर्जी असलेल्या कुटुंबांच्या एका गटाने ती सुरू केली. २०१४ मध्ये फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने ती देशभर नेली, टील पंपकिन प्रोजेक्ट या नावाने. टील म्हणजे हाच, मोरपंखी. दारात असा भोपळा दिसला की समजायचं, या घरी खाण्याखेरीजही काही मिळेल. बेल वाजवून कुणाला काही समजावत बसायला नको.

अमेरिकेत साधारण १३ मुलांमागे एकाला कसली ना कसली फूड ॲलर्जी असते. चुकीची कँडी पोटात गेली तर कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाचा श्वास अडकतो, मग एपिनेफ्रिनचं इंजेक्शन आणि थेट इस्पितळ.

[रस्ता, संध्याकाळ. मुलांचे घोळके.]

सहाच्या आत सूर्य मावळला. ऑक्टोबर संपतोय आणि मुलं अर्ध्या बाह्यांत हिंडतायत, इतकं उकडतंय. एक स्पायडरमॅन. दोन एल्सा. हवा भरलेला डायनासोर, दारातून आत बघायला वाकतो आणि त्याची शेपटी पणती उडवते. म्हटलं ना, खोटी आहे.

घोषणा एकच, ट्रिक ऑर ट्रीट. काहीतरी द्या, नाहीतर खोडी काढू. हे शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं. १९४७ मध्ये ते उठल्यावर घरोघर कँडी वाटणं खरं फोफावलं. आज खोडी कुणी काढत नाही, फक्त पिशवी पुढे करतात.

[देवघर. समई, लक्ष्मीचा फोटो, नाणी, झाडू.]

महाराष्ट्रातल्या पंचांगांत यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे. इथल्या घड्याळाने मात्र अमावास्येची संध्याकाळ आजचीच. त्यामुळे मुहूर्त आणि बेल एकाच वेळी.

आरतीचं दुसरं कडवं चालू असताना बेल वाजते. काका टाळी न थांबवता उठतात. पुन्हा बेल. पुन्हा काका. तिसऱ्या वेळी ते आरती म्हणतच दार उघडतात आणि समोरची चेटकीण टाळ्या वाजवायला लागते. तिच्या टोपीखाली परकर-पोलकं आहे. पलीकडच्या गल्लीतली आहे.

[फुटपाथ. एक बाई थांबते, फोनचा दिवा भोपळ्यावर टाकते. मग मागे वळून मुलाला हात करते.]

[इथे निवेदन नाही. मूळ आवाज ठेवावा. मुलगा दोन्ही वाडग्यांकडे बघतो, काकू मोरपंखी वाडगा पुढे करतात. तो कडं निवडेपर्यंत कापू नये.]

[घड्याळ, साडेनऊ. नारिंगी वाडगा रिकामा.]

इथला नियम कुणी लिहिलेला नाही, पण लहान पोरालाही ठाऊक आहे. पोर्चचा दिवा चालू म्हणजे या. बंद म्हणजे कँडी संपली, पुढच्या घरी जा.

काकांचा हात बटणाकडे जातो.

“अहो, आज लक्ष्मीपूजन. आज दिवा घालवतात का?”

दिवा राहतो. आकाशकंदीलही राहतो. अख्ख्या गल्लीत एवढं उजळलेलं घर आता हेच.

[बेल. दारात तीन उंच मुलं, उशीच्या खोळी घेऊन. वेषांतर जेमतेम.]

काकू टेबलाकडे बघतात. चिवड्याचा डबा उघडाच आहे. पुढे केलेला हात त्या मागे घेतात आणि मोरपंखी वाडगा उचलतात. पेन्सिली उरल्यात.

सहा फुटी मुलगा पेन्सिल घेतो, उलटसुलट करून बघतो. “थँक यू, आंटी.”

आणि फाटकापाशी जाऊन मित्रांना ओरडून सांगतो, इकडे पेन्सिली आहेत. आणखी चार येतात.