स्पीकरमधली ही घुंऽऽ येते कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावावं, रियाझाला बसावं, आणि सुरांच्या खाली एक 'घुंऽऽ' चिकटून बसलेली असावी, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. लोक आधी केबल बदलतात, मग स्पीकर बदलतात. घुंऽऽ तशीच राहते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: पैसे खर्च करण्याआधी तो आवाज नीट कान देऊन ऐका. तो कुठून येतोय हे बरेचदा तोच सांगतो.

खर्जातली, न हलणारी घुंऽऽ असेल, तर ती विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, तोच हा सूर. थोडी करकरीत 'झर्रऽ' असेल, तर बहुधा त्याच्या दुपटीतला, 100 हर्ट्‌झचा. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, आणि मधून ऑडिओची केबल, अशी मांडणी असली की दोघांना अर्थिंगला जायच्या दोन वाटा मिळतात. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो. त्या फरकानं केबलच्या बाहेरच्या जाळीतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तोही इमानानं मोठा करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

शोध सोपा आहे, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटची केबल काढा. तरीही घुंऽऽ आली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये. थांबली, तर केबल परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आता शांत झालं, तर चोर सापडला. टीव्ही जोडलेला असेल तर सेट-टॉप बॉक्सची बाहेरून आलेली वायरही सोडवून पाहा, कारण तिच्यातूनही परकं अर्थिंग घरात येतं.

उपाय? सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं, तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी, बसवा. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायरला तसंच इनपुट असेल तर फारच उत्तम: त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो. पण एक गोष्ट कधीही, कुणीही सांगितली तरी करू नका. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकू नका. घुंऽऽ जाईल, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात उतरलेली वीज तुमच्या हातातून वाट काढेल.

माउस हलवला की बारीक चिरचिर, पडद्यावरचं पान सरकवलं की 'चीं' होत असेल, तर तो कॉम्प्युटरच्या आतल्या विजेचा गोंगाट आहे. हेडफोनच्या जॅकऐवजी यूएसबीवर चालणारा वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज बाहेर काढणारी स्वतंत्र पेटी, घ्या. शक्यतो बॅलन्स्ड आउटपुटचा, म्हणजे दोन तारांतून एकमेकांच्या उलट सिग्नल पाठवून वाटेतला गोंगाट वगळणारा.

'कट्... कट्' असे तुटक आवाज मात्र डिजिटल घोटाळ्याचे असतात. एक यंत्र सेकंदाला 44,100 सॅम्पलवर (आवाजाच्या मोजलेल्या नमुन्यांवर) आणि दुसरं 48,000 वर चालत नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहा. डिजिटल केबलनं जोडलेल्या यंत्रांपैकी घड्याळ, म्हणजे सॅम्पलचा ठेका, एकाचंच चालायला हवं, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. रेकॉर्डिंग करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा साठा, 128 वरून 512 करून बघा.

नुसती 'स्स्स' येत असेल, तर कॉम्प्युटरचा आवाज वाढवा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा उतरवा.

आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ऑडिओचं राहू द्या. आपल्या कित्येक जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. चार्जर तीन पिनांचा असूनही मुंग्या येत असतील, तर आधी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या.

नमस्कार.