करडा, पांढरा आणि थोडासा काळा

[दृश्य : स्टीलचा ट्रे. हातमोजे घातलेल्या दोन तळव्यांवर मेंदू.]

वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम. रंग नीट पाहून घ्या : फिकट, किंचित पिवळसर करडा. पुस्तकातल्या आकृतीत पुढचा खंड निळा, मागचा लाल, खालचा हिरवा रंगवलेला असतो. इथे तसं काही नाही. कुठे काय आहे ते घड्या मोजत, बोटाने चाचपत शोधावं लागतं. आकृती तोंडपाठ असलेला विद्यार्थीही पहिल्या दिवशी इथेच अडखळतो.

कवटी उघडतानाचं चित्रण आपण केलेलं नाही. आपण सुरुवात करतोय ती बरणीपासून.

[दृश्य : बरणीत दोऱ्याने टांगलेला मेंदू.]

कवटीत मेंदू पाण्यासारख्या नितळ द्रवात तरंगत असतो. हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर, पण तेवढ्यावर मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास येतो. बाहेर काढला की तो आधार जातो. ताजा मेंदू इतका मऊ असतो, की ट्रेवर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पसरतो. म्हणून त्याच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवतात आणि १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे मेंदू टिकवून घट्ट करणाऱ्या द्रावणात, तो उलटा टांगतात. किमान दोन आठवडे. बरणीच्या तळाला टेकला तर टेकलेली बाजू चपटी होते. घाई केली तर बाहेरून घट्ट, आत मात्र गुलाबी आणि मऊ राहतो. मग सुरी फिरली की नेमका मधला, सर्वांत मोलाचा भाग फाटतो. मेंदू पुन्हा मिळत नाही. कोणीतरी जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरला, नातेवाइकांनी तो शब्द पाळला, तेव्हा कुठे ही बरणी भरली.

[दृश्य : चिमट्याने पारदर्शक आवरण सोललं जातंय.]

हे पातळ आवरण सोलायला एकेक तास लागतो. त्याच्यासोबत रक्तवाहिन्याही उचलल्या जातात. बाजूच्या खोल भेगेतली ही जाड धमनी. हिच्यात गुठळी अडकली, की शरीराच्या विरुद्ध बाजूचा पक्षाघात.

आता घड्या उघड्या पडल्या. मोठ्या मेंदूचं हे करडं आवरण फक्त २ ते ४ मिलिमीटर जाड आहे आणि त्याचा बराचसा भाग घड्यांच्या आत दडलेला आहे. डोक्याच्या माथ्यापासून खाली उतरणारा हा चर शोधा. त्याच्या पुढच्या घडीतून हालचालीचे आदेश निघतात, मागच्या घडीत स्पर्श पोचतो. शरीराचा नकाशा इथे उलटा टांगलेला : पाय वर, चेहरा खाली. पुढच्या घडीवरचा हा गाठीसारखा फुगवटा हाताचा. चर सापडत नसेल, तर आधी हा फुगवटा शोधावा.

डावीकडे थोडं पुढे आणि खाली आलं, की बोलण्याशी जोडलेला भाग. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांच्यासमोर असा रुग्ण आला, ज्याला जवळजवळ 'तान' एवढंच उच्चारता येत होतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत इथेच इजा दिसली. ब्रोका यांनी तो मेंदू न कापता अख्खा जपून ठेवला. त्यामुळे जवळपास दीडशे वर्षांनी त्याचं एमआरआय करता आलं आणि इजा पृष्ठभागावर थांबली नव्हती, खूप आतपर्यंत गेली होती, हे कळलं. आकृतीतली नीटनेटकी चौकट तिथेच मोडते.

[दृश्य : मेंदू उलटा. मेंदूचा देठ आडवा कापला जातो.]

या कापावर दोन काळसर पट्टे आहेत. रंग लावलेला नाही. तिथल्या चेतापेशींमध्ये वयानुसार साठणारं हे रंगद्रव्य आहे. पार्किन्सनमध्ये या पेशी मरतात आणि पट्टे फिके पडतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळतो.

देठाच्या खालच्या टोकाला श्वासाचं नियंत्रण. डावीकडचे बहुतेक हालचालीचे धागे इथूनच उजवीकडे वळतात आणि उजवीकडचे डावीकडे. चित्रात मात्र इथे जाड दोरीपलीकडे काही दिसत नाही.

[दृश्य : लहान मेंदू मधोमध उभा चिरलेला.]

इथे कॅमेरा थोडा थांबवूया. पांढऱ्या फांद्या आणि त्यांना करड्या पानांची किनार. जुन्या शरीररचनाकारांनी याला 'जीवनवृक्ष' म्हटलं. लहान मेंदूचं वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतकं. पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी याच झाडात आहेत. तोल, वेळ साधणं, हात नेमका वस्तूपाशी थांबणं हे त्याचं काम. तो बिघडला तर हात हलतो, पण पेल्याच्या पुढे जातो किंवा अलीकडे थबकतो.

[दृश्य : लांब पात्याची सुरी.]

उरलेल्या मोठ्या मेंदूचे एकेक सेंटिमीटरचे उभे काप. पातं ओलं हवं आणि मुठीपासून टोकापर्यंत एकदाच ओढायचं. करवतीसारखी मागेपुढे चालवली, तर कापावर पायऱ्या उमटतात आणि बारीक रचना त्यांत हरवतात.

साधारण मधल्या कापात, कानशिलाजवळच्या खंडाच्या आतल्या कडेला, ही गुंडाळलेली वळी. हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा. नवी आठवण टिकायची तर ती इथून जाते. अल्झायमरमध्ये ही वळी आक्रसते आणि शेजारची पोकळी रुंदावते.

काप पुढून मागे, त्याच क्रमाने मांडून बरणीत परत जातात. एक उलटा पडला, तर उजवं-डावं ओळखता येत नाही. बरणीवर नाव नाही, दात्याचा क्रमांक आहे. देहाच्या प्रत्येक भागासोबत हाच क्रमांक असतो.