वळणं मोजू नका, सांधा बघा

मघाशी टेबलावरची ती नागमोडी तलवार, म्हणजे फिलिपिन्समधली मोरो क्रिस, बघून तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला, "हिला वळणं किती?" मीही सुरुवातीला तेच मोजत बसायचो. मोजा हवं तर, आकडा विषमच येईल. पण त्यावरून तलवारीचं वय कळत नाही. कितीतरी अस्सल मोरो क्रिस सरळ असतात, काही अर्ध्यापर्यंत नागमोडी आणि पुढे सरळ.

मोरो म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधले मुसलमान. मिंडानाओ बेटावरचे मागिंदानाओ आणि मरानाओ, सुलू बेटांवरचे तौसुग, बासिलानचे याकान. नाव स्पॅनिशांनी दिलेलं. मायदेशी त्यांची मूर म्हणजे तिथल्या मुसलमानांशी शतकानुशतकं लढाई झालेली, त्यामुळे इथे मुसलमान दिसताच तेच नाव चिकटवलं.

जावाची क्रिस ही भोसकायची कट्यार. मोरोंनी ती लांब, रुंद, जड केली आणि तिची तोडायची तलवार झाली. एवढा एक बदल केला आणि लोहारापुढे नवीच अडचण उभी राहिली, कारण जोरात वार बसला की पातं मुठीत फिरू बघतं. म्हणून मुठीत जाणारा दांडा जावात गोल, तर इथे चौकोनी. शिवाय मुठीतून निघून पात्याच्या बुडाला घट्ट धरणारी धातूची पट्टी असते, तिला आसांग-आसांग म्हणतात. काही क्रिसना ती एकच, काहींना दोन.

आता सांधा. पात्याच्या रुंद बुडाशी एक आडवा तुकडा असतो, तो गांग्या. जावात त्यालाच गोंजो म्हणतात. जुन्या क्रिसमध्ये तो खरोखरच वेगळा घडवून बसवलेला असतो आणि सांध्याची रेघ सरळ जाते. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पात्यांवर हीच रेघ टोकाशी साधारण ४५ अंशांत वळते. विसाव्या शतकात पुढे पुढे सांधाच गेला. एकसंध पात्यावर नुसती रेघ कोरायची, कधी तीही नाही. तेव्हा भिंग घ्या, तलवार उजेडात धरा आणि कडेवर बघा. खरा सांधा कडेवरून पलीकडच्या बाजूला जातो, कोरलेली रेघ अलीकडेच संपते. हे शहाणपण मला एक 'अठराव्या शतकातली' क्रिस घेऊन झाल्यावर आलं. म्यानाला ताज्या व्हार्निशचा वास येत होता, तरी घेतली!

बारोंग हे हत्यार तौसुगांचं. पान असावं तसं पोटाळलेलं पातं, एकच धार, पाठ चांगली जाड. हातात घेतलं की कोयत्यासारखं वजन जाणवतं. मुठीचं टोक काकाकुव्याच्या डोक्यासारखं कोरलेलं. ते हस्तिदंती असेल तर देशाबाहेर नेण्याच्या भानगडीत पडू नका. कांपिलान ही तलवार सगळ्यांत लांब. तिची मूठ आ वासलेल्या जबड्यासारखी, आणि टोकाशी एक बारीक काटा. काटा कशासाठी, यावर संग्राहक अजून भांडतात.

ही हत्यारं मला अमेरिकेतच का सापडली, असं कुणी तरी विचारलं. १८९९ नंतर अमेरिकी सैन्य सुलू-मिंडानाओत उतरलं. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावर बुद दाहो या ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेल्या शेकडो तौसुगांना त्यांनी मारलं, त्यांत बायका आणि मुलंही होती. १९११ मध्ये गव्हर्नर पर्शिंग यांनी निःशस्त्रीकरणाचा हुकूम काढला, १९१३ मध्ये बुद बागसाकची लढाई झाली. घरी परतणाऱ्या सैनिकांच्या पेट्यांतून क्रिस आणि बारोंग गेले, आणि आता नातवंडं माळे रिकामे करताहेत. मुठीला जुनी चिठ्ठी बांधलेली असली की भाव चढतो. 'लढाईत मिळालेली' एवढं एक वाक्य पुरतं. ते वाक्य खरं असेल तर ती वस्तू कुणाच्या हातातून सुटली, हे विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. मी स्वतः तशी चिठ्ठी असलेली दोनच पाती घेतली. चिठ्ठ्या सोडवलेल्या नाहीत, सोडवणारही नाही.

आता ज्यांना हातात घेऊन बघायचंय त्यांनी डावीकडून या. मूठ धरा, पात्याला बोट लावू नका, घामाने गंज चढतो. आणि म्यानातून काढताना बोटं धारेच्या बाजूला नकोत, जुन्या म्यानांचं लाकूड उकललेलं असतं.