व्हिएतनामच्या फुटपाथवर आत्या

नमस्कार मंडळी. आजचा विषय खायचा आहे, त्यामुळे ज्यांची जेवणं व्हायचीयेत त्यांनी आधी ताट वाढून घ्या आणि मग रेडिओचा आवाज वाढवा. आज बोलायचंय व्हिएतनामबद्दल, म्हणजे तिथल्या रस्त्यावर, फुटपाथवर, गल्लीच्या तोंडाशी काय काय खायला मिळतं आणि त्यातलं आपण काय खावं. हल्ली मुंबईहून तिकडे थेट विमानं आहेत, आमच्या सोसायटीतलं सारखं कुणीतरी जाऊन येत असतं, आणि आल्यावर विचारलं काय खाल्लंत, तर म्हणतात इंडियन रेस्टॉरंट फार छान होतं हो, पनीर बटर मसाला अगदी घरच्यासारखा. आता यावर काय बोलायचं. टूरवाल्यांना तरी कसं नावं ठेवणार, माणसं पासपोर्टची झेरॉक्स देतानाच विचारतात की चपाती मिळेल ना.

बरं. तर पहिली गोष्ट, आणि ही मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. एका गाडीवर एकच पदार्थ. फो, म्हणजे तिथला शेवयांचा रस्सा, करणारी बाई फोच करते, वर्षानुवर्षं तेच, तिच्याकडे दुसरं काही मागू नका. जिथे मेन्यूकार्ड जाडजूड आहे आणि दहा भाषांत फोटोसकट छापलंय तिथून सरळ उठा. एका गाडीवर एकच पदार्थ, आणि त्या पदार्थाची स्वतःची वेळ. फो मुख्यतः सकाळचं खाणं. हाडं तासन्‌तास उकळून केलेलं पाणी, त्यात आधी विस्तवावर काळं होईस्तोवर भाजलेलं आलं आणि कांदा, चक्रफूल, दालचिनी, म्हणजे सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यातलंच, आणि ते पाणी ओतायचं तांदळाच्या चपट्या शेवयांवर. ज्यांना चालत नाही त्यांनी नीट ऐका, ‘फो बो’ म्हणजे गोमांस, ‘फो गा’ म्हणजे कोंबडी. परत सांगते, बो गाय, गा कोंबडी. उत्तरेत हनोईला हा फो साधा असतो, वर थोडी कांद्याची पात, बस. दक्षिणेत सायगावकडे, म्हणजे आताच्या हो चि मिन्ह सिटीकडे, गेलात की शेजारी टोपलीभर पाला येतो, मोड आलेले मूग येतात, गोड सॉस येतो, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या फोला नाकं मुरडतात. तांबडा-पांढरा आणि नागपुरी सावजी यांवरून घरात भांडणं झालेल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

दुपारी हनोईत बुन चा. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, ते आंबटगोड कोमट पाण्यात बुडवलेलं, बाजूला तांदळाच्या बारीक शेवया आणि पाला. मे २०१६ मध्ये ओबामा आणि टीव्हीवर खाण्याचे कार्यक्रम करणारे अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेन असे दोघं हनोईतल्या एका साध्या दुकानात निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून हेच जेवले, दोघांचं बिल सहा डॉलर, आणि नंतर दुकानदाराने ते टेबल ताटल्या-बाटल्यांसकट काचेच्या पेटीत बंद करून ठेवलं. मला विचाराल तर टेबल काचेत ठेवण्यापेक्षा त्यावर चार गिऱ्हाईकं बसवली असती. पण आपल्याकडेही अमुक हिरो इथे वडापाव खाऊन गेला म्हणून फोटो लावतातच की, आणि त्या फोटोखालचा वडा गार असतो.

बान्ह मी तर आता पुण्यातल्या कॅफेतही मिळतो. फ्रेंचांनी तिकडे नेलेला लांबट पाव, आत मांसाचा लगदा, काकडी, मिरची, व्हिनेगर-साखरेत मुरवलेला मुळा आणि गाजर, आणि भरपूर कोथिंबीर. भरपूर म्हणजे खरंच भरपूर. तिकडे पाला मागावा लागत नाही हो, ताटाबरोबर येतोच, आणि आपल्याकडे भाजीवाला हल्ली दोन काड्या कोथिंबीर वर टाकायला सांगितली तर असा बघतो की जणू त्याची शेतजमीन मागितली. शंभराची भाजी घ्या, कढीपत्त्याचे पाच रुपये वेगळे. असो, हा विषय परत कधीतरी.

आता शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. व्हिएतनाममध्ये मिठाच्या जागी बऱ्याचदा न्वोक माम वापरतात. हा माशांचा सॉस. छोटे मासे आणि मीठ मोठमोठ्या पिंपांत वर्षभर मुरत ठेवायचं आणि खालून जे पाणी गळेल ते बाटलीत भरायचं, फू क्वोक बेटावरचा यात सगळ्यात नावाजलेला. त्यामुळे नुसती भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी असेल असं नाही. मग करायचं काय, तर ‘चाय’ असं लिहिलेलं दुकान शोधायचं. चाय म्हणजे शाकाहारी, बौद्ध पद्धतीचं, मांसमासे काही नाही. चहाशी संबंध नाही. न्वोक माम सांभाळा आणि चाय शोधा, एवढं लक्षात ठेवलंत तरी तुम्ही उपाशी राहणार नाही. आणि चायची खरी चंगळ असते चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, कारण त्या दिवशी एरवी सगळं खाणारी कितीतरी माणसं तिकडे शाकाहार पाळतात. पंधरावा दिवस म्हणजे आपली पौर्णिमा.

आणि इथेच आमच्या आत्याची गोष्ट येते. ती सांगता यावी म्हणूनच मी हा विषय घेतलाय, खोटं कशाला बोलू.

आत्या सांगोल्याची. माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकत नाही, सत्तरी ओलांडलेली. भाचीने तिकीट काढलं म्हणून आली, पण निम्मी बॅग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चिवडा. तिचा हिशेब असा की परदेशात केळी आणि बाटलीतलं पाणी एवढंच भरवशाचं. आम्ही गेलो होतो होई आनला. मध्य व्हिएतनाममधलं जुनं बंदर, पिवळ्या भिंतींची घरं, नदी, कंदील, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे दर महिन्याला पौर्णिमेच्या आदल्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून नुसते कंदील लावतात, जगभरातून माणसं ते बघायला येतात. आम्ही पुलाजवळ पोचलो आणि दिवे गेले. सगळे ‘आहाहा’ करतायत आणि आत्या म्हणते, “काय गं, हितंबी लोडशेडिंग हाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी माघी पौर्णिमा. तिकडच्या नव्या वर्षातली ही पहिली पौर्णिमा, त्यामुळे फार मोठा दिवस, देवळांत ही गर्दी. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई बसली होती, आत्याच्याच वयाची असेल, पुढे कोळशाच्या शेगड्या, त्यावर लहान लहान तवे. ती करत होती बान्ह सेओ. तांदळाचं पीठ, हळद, तव्यावर ओतलं की चर्र आवाज, वर मोड आलेले मूग, एरवी कोळंबी आणि मांस, पण त्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेलं, चाय. आत मशरूम आणि टोफू. मी हे आत्याला समजावून सांगणार तेवढ्यात आत्या शेगडीपाशी जाऊन उभी. कमरेवर हात. बघतेय. पीठ किती पातळ, तेल किती, झाकण कधी ठेवते, कधी काढते. आणि मग निकाल दिला, “आगं, हे तर धिरडंच की.”

त्या बाईने वर बघितलं. तिला दिसली आत्याच्या गळ्यातली माळ. तिने स्वतःची बाही वर केली, मनगटात लाकडी मण्यांची माळ. हातातला झारा खाली ठेवला, हात जोडले. आत्या म्हणाली, “राम कृष्ण हरी.” आणि जे सुरू झालं ना मंडळी, मी आणि नवरा नुसते बघत राहिलो. तो आपला मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडून दोघींच्या मध्ये धरतोय, आणि दोघींपैकी एकीनेही त्या मोबाइलकडे ढुंकून बघितलं नाही. ही ॲपं एक तर रेंज नसताना चालत नाहीत आणि रेंज असताना गरज नसते, हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

आत्याची शंका एकच. वाटीतलं ते पाणी. मासा तर नाही ना त्यात? कारण आदल्या दिवसापासून मीच तिला घाबरवून ठेवलेलं. आत्याने वाटीकडे बोट दाखवलं आणि हाताचा पंजा पोहत गेल्यासारखा केला. बाई हसायला लागली. नाही नाही असा हात केला, सोयाबीनच्या सॉसची बाटली दाखवली, लिंबू दाखवलं. आत्याचं समाधान नाही. मग ती बाई उठली, आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. तिकडे घराघरात असतं ते, रोज एक पान फाडायचं, मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख आणि खाली लहान आकड्यात त्यांची तिथी. तिने तिथीवर बोट ठेवलं, १५. मग वर आकाशाकडे बोट केलं आणि हवेत मोठा गोल काढला.

आता आमच्या आत्याच्या पिशवीत काय नसेल! तिने घडी घातलेलं कालनिर्णय बाहेर काढलं. तिथे फुटपाथवर ते उलगडलं, स्टुलावर पसरलं आणि त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवलं, जिथे तिने निघतानाच पेनाने गोल करून ठेवला होता. बाईने वाकून बघितलं. मग दोघींनी बोटांनी दिवस मोजले, पुढची अमावस्या, तिच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे त्या बाईचा पुढचा चायचा दिवस, बरोबर जुळला. आत्याला इतका आनंद झाला की विचारू नका. “ह्या लोकान्ला तिथी कळती,” असं ती मला म्हणाली, जणू बाकीच्या जगाबद्दलचा तिचा जुना संशय त्या दिवशी थोडा कमी झाला.

बाजूला गिऱ्हाईकं उभी, तवे रिकामे, कुणाला घाई नाही. मग खायला बसलो, त्या बुटक्या स्टुलांवर, आत्या आरामात कारण तिला पाटाची सवय, नवऱ्याचे गुडघे हनुवटीला. बान्ह सेओ नुसता खायचा नसतो. तांदळाचा पापडासारखा पातळ कागद असतो, त्यावर सॅलडचं पान, पुदिना, कच्च्या केळ्याचे काप, त्यावर बान्ह सेओचा तुकडा, गुंडाळी करायची आणि वाटीत बुडवायची. बाईने आत्याला पहिली गुंडाळी स्वतः करून दिली. आत्याने खाल्ली. म्हणाली, “बरं हाय. पण चटणी पायजे.” आणि काढली ना शेंगदाण्याची चटणी! चमचाभर बाईच्या पुढ्यात ठेवली. बाईने चिमूट तोंडात टाकली, डोळ्यात पाणी आलं, थांबली, आणि उरलेली सगळी चटणी सोयासॉस-लिंबाच्या वाटीत टाकून कालवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकापुढे सरकवली. त्याने न विचारता खाल्ली. अर्ध्या तासात आमची चटणीची पिशवी रिकामी आणि पलीकडच्या टेबलावरची मुलं अजून मागतायत.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मजा. तिकडे एका रुपयाचे साधारण तीनशे डोंग होतात, त्यामुळे नोटांवर शून्यंच शून्यं. मी पन्नास हजाराची नोट काढली, म्हणजे आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये, आणि आत्या किंचाळली, “पन्नास हजार? आगं म्हस येती तेवढ्यात!” तिला हिशेब समजावून सांगितला तरी हॉटेलवर पोचेपर्यंत तिचं चालूच होतं. आणि बाईच्या धिरड्याबद्दल शेवटचं मत काय, तर जाळ जरा मोठा पाहिजे होता. खाताना मात्र एकामागून एक चालू होतं.

बापरे, काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत, म्हणजे बाकीचं पळत पळत. होई आनमध्येच काव लाऊ खा, जाड्या चिवट शेवया, वर डुकराचं मांस आणि पाला, तिथली माणसं सांगतात की गावातल्या एका जुन्या विहिरीच्या पाण्याशिवाय तो होत नाही. ह्वे म्हणजे जुनी राजधानी, तिथे बुन बो ह्वे, गवती चहा घातलेला तिखट रस्सा, आपल्या जिभेला फोपेक्षा जवळचा, पण त्यातही ‘बो’ आहे, विसरू नका. सायगावला कोम ताम, तुकडा तांदळाचा भात आणि भाजलेलं मांस, तो सकाळीही खातात. आणि परत तेच, एका गाडीवर एकच पदार्थ, आणि शाकाहारी असाल तर चाय.

शेवटी कॉफी. व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर जगात दुसरा, आणि पीक बहुतेक रोबस्टा जातीच्या कॉफीचं, कडू आणि जोरदार. म्हणून त्यात कंडेन्स्ड मिल्क घालतात. हनोईत मात्र अंड्याची कॉफी प्या. १९४६ च्या सुमाराला दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेसून दुधाच्या जागी वापरला, पुढे स्वतःचं दुकान काढलं, ते काफे झांग अजून चालू आहे, घरचेच लोक चालवतात. अरुंद बोळातून आत जायचं, छोटा कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, गार होऊ नये म्हणून. आधी वरचा फेस चमच्याने खायचा, मग खालची कॉफी ढवळून घ्यायची. अंड्याचा वास येत नाही, विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. फक्त संध्याकाळी पाचनंतर घेऊ नका, रात्रभर छताकडे बघत बसाल. चला, नमस्कार.