ससा घर लावतो तेव्हा

मंडळी, ससा पाळणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. पहिली, सकाळी पिंजरा घासूनपुसून ठेवावा तर दुपारपर्यंत त्याचा पुन्हा उकिरडा. दुसरी, रात्रभर गज चावतो, भांडं आपटतो, कोणाला झोपू देत नाही. पहिलीवर लोक उपाय करतात तो पिंजरा आणखी लहान घेण्याचा, कारण लहान पिंजरा पटकन साफ होतो. दुसरीवर उपाय म्हणजे पिंजऱ्यावर चादर. माझ्या मते ही एकच तक्रार आहे, सशाला जागा आणि काम पुरत नाही, आणि या दोन्ही उपायांनी ती हमखास वाढते.

आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा रानटी ससा. मोकळ्या माळावर लांब टांगा टाकत एकटा पळणारा ससा दिसतो, तो वेगळा. तो बीळ खणत नाही. आपला पाळीव ससा बिळांच्या जाळ्यात, गोतावळ्यात राहणाऱ्या जातीचा. उजाडताना आणि दिवस मावळताना त्याचा कामधंदा चालतो: खणायचं, कुरतडायचं, चरायचं आणि आपली हद्द आखायची. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात म्हणून तो टेबलाचा पाय, खोक्याची कड, तुमची चप्पल, सगळ्याला हनुवटी घासत फिरतो. लेंड्यांचंही तसंच. ठरावीक जागी ढीग घालायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं इथे कोण राहतं. ज्याला आपण घाण म्हणतो ती त्याच्या लेखी दारावरची पाटी असते.

ही ठरावीक जागेची सवय आपल्या फार उपयोगाची आहे. सशाला लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठीचं तबक, शिकवावा लागतो असं म्हणतात, पण निम्मं शिकून तो आलेलाच असतो. कोपरा मात्र त्याला ठरवू द्यायचा. दोन-तीन दिवस नुसतं बघायचं, तो शेपटी किंचित उचलून कुठे बसतो ते, आणि ट्रे तिथे ठेवायचा. आपल्या सोयीच्या कोपऱ्यात ट्रे ठेवून सशाला उचलून उचलून त्यात बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून ससा एवढंच शिकतो की हा माणूस आला की पळायचं. लघवीने ओला झालेला कागद आणि थोड्या लेंड्या नव्या ट्रेत टाकल्या की वासावरून जागा त्याच्या लक्षात येते.

आता यातली खरी किल्ली. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या होतात, त्यातल्या पुष्कळशा चरताना. म्हणून वाळलेलं गवत ट्रेच्या एका टोकाला किंवा ट्रेच्या वर लावलेल्या जाळीत ठेवायचं, म्हणजे गवत ओढण्यासाठी त्याला ट्रेतच बसावं लागेल. ट्रे एवढा मोठा हवा की तो आत बसून सहज वळेल. बाजारात येणारे तिकोनी, कोपऱ्यात बसणारे ट्रे बहुतेक सशांना लहान पडतात. पुढचे पाय आत, मागचं सगळं बाहेर, आणि आपण म्हणायचं ससा ऐकत नाही.

ट्रेत कागद दाबून केलेल्या बारीक गोळ्या घालाव्यात, वरून गवताचा थर. मांजरांसाठीची, ओली झाली की गठ्ठा होणारी वाळू अजिबात नको. ससा ती खातो आणि ती पोटात अडकू शकते. पाइन किंवा देवदाराचा कच्चा भुसाही नको, त्यातल्या द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो. ओला भाग रोज काढायचा, कारण लघवीतल्या अमोनियाने त्याची श्वासनलिका खराब होते आणि मळलेल्या ढुंगणावर माश्या अंडी घालतात. त्यातून होणाऱ्या अळ्या जिवावर बेततात. पण ट्रे खसखसून धुताना मूठभर जुनं गवत बाजूला काढून परत आत टाका. वास पार गेला तर त्याला हद्द पुन्हा आखावी लागते, आणि ती तो गादीवर आखील.

कोपऱ्यात पांढरा, चुन्यासारखा थर साचतो ना? सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं, त्याचा तो थर. साधं पांढरं व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवलं की सुटतो. लघवी कधी केशरी-तांबूस होते, ती बहुधा वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे. पण त्यात रक्ताचे ठिपके वाटले किंवा लघवी करताना तो कुंथू लागला तर डॉक्टरांकडेच जायचं.

हे सगळं करूनही तरुण ससा भिंतीवर फवारे मारत असेल तर प्रश्न ट्रेचा राहत नाही. तो वयात आला आहे. नसबंदीनंतर काही आठवड्यांत हे बरंच कमी होतं. मादीच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेचं कारण आणखी मोठं आहे: नसबंदी न केलेल्या सशिणींना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार आहे. सशांवर उपचार करणाराच पशुवैद्य शोधा. आणि शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीने, आणि त्याला उलटी होऊच शकत नाही.

आता भांडं आपटण्याकडे येऊ. एकदा नीट बघा, कसा करतो ते. काठ दातात धरतो, मान वर झटकतो, भांडं पालथं पडतं. मग दोन्ही कान उभे करून थांबतो. कोणी आलं का? आलं असेल, आणि हातात गाजराचा तुकडा असेल, तर आपण त्याला रीतसर पगार सुरू केला. गज चावण्याचंही तेच. पहाटे चार वाजता गप्प बसावा म्हणून खाऊ दिला की उद्या चारला हजेरी लागणार.

त्याला काम द्यायला हवं, खाऊ नव्हे. दाणेदार खुराक भांड्यात ओतून दिला तर दोन मिनिटांत संपतो. तोच गवतात विखरून टाकला तर शोधण्यात बराच वेळ जातो. कागदी नळीत गवत ठासून द्या, ते उपसत बसेल. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं कापा. तिसरं तो स्वतः पाडतो. दुसऱ्या खोक्यात फाडलेले कागद किंवा स्वच्छ माती भरली की खणण्याची हौस तिथे फिटते आणि ट्रे उपसणं कमी होतं. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात, ते गवत चघळूनच झिजतात, म्हणून कुरतडू नको असं सशाला सांगण्यात अर्थ नाही. विजेच्या वायरी तेवढ्या उचला. आणि रोज काही तास पिंजऱ्याबाहेर मोकळं सोडा, तेही संध्याकाळी. दुपारी सोडलात तर तो खाटेखाली पसरतो आणि रात्री मात्र ताजातवाना असतो.

जोडीदार आणावा का? आणावा, पण दोघांची नसबंदी झालेली हवी, आणि पहिली भेट दोघांच्याही हद्दीबाहेरच्या जागी. थेट जुन्याच्या पिंजऱ्यात नवा सोडला तर रक्त निघेपर्यंत भांडतात.

काही जण मोठ्या कौतुकाने सांगतात, आमचा ससा फार शहाणा, दिवसभर एका जागी बसून असतो. मला अशा सशाची काळजी वाटते. कोंडून ठेवलेला ससा आधी धिंगाणा घालतो आणि मग तो घालणं सोडून देतो. दुखणाईत ससाही असाच गप्प असतो, दुखतंय ते दाखवत नाही. म्हणून सकाळी ट्रे उचलला की लगेच ओतून देऊ नका, आधी बघा. लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या असल्या तर ठीक. बारीक झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या तर गवत वाढवा. द्राक्षांच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा एरवी थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. त्यातली सत्त्वं त्याला दुसऱ्यांदा हवी असतात. त्या जमिनीवर चिरडलेल्या दिसू लागल्या तर खुराक जास्त होतोय, नाहीतर वजनाने वा सांधेदुखीने त्याला वाकता येत नाही. आणि ट्रे रिकामा असेल, गवताला तोंडही लावलं नसेल, तर संध्याकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना फोन करा.