तळहातावरचा फोड

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

आजच्या निमंत्रणपत्रिकेत 'जपणे' हा शब्द चार वेळा आला आहे. मी मोजलं. भाषा जपण्यासाठी, संस्कृती जपण्यासाठी, ऋणानुबंध जपण्यासाठी आणि कागदावर जागा उरली होती म्हणून की काय, परंपरा जपण्यासाठी. पत्रिका लिहिणाऱ्यांनी रागावू नये. तुमच्यामुळेच मला आज बोलायला विषय मिळाला.

हिंदीत 'जपना' म्हटलं की माळ आणि नामस्मरण एवढंच डोळ्यापुढे येतं. माझ्या शेजारी बसणारी एक हिंदीभाषक सहकारी आहे. मी फोनवर आईला "तब्येतीला जप" म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, मी आईला कुठला तरी मंत्र म्हणायला सांगते आहे. मराठीत नामही जपतात, पण घरात दिवसभर ऐकू येतं ते हे दुसरं जपणं.

आता त्या वाक्यातला 'ला' बघा. निर्जीव गोष्ट आपण बहुधा नुसती जपतो. पत्रं जपली, फोटो जपले, अब्रू जपली. माणूस आला की 'ला' लागतो: तिनं मला जपलं. पण तब्येत? ती काही माणूस नाही, तरी आपण 'तब्येतीला जप' म्हणतो, 'जिवाला जप' म्हणतो. म्हणजे तब्येत आणि जीव हे जणू आपल्याच घरात राहणारे दोन नाजूक प्रकृतीचे नातेवाईक. व्याकरणाच्या पुस्तकात याचं कारण वेगळं दिलेलं असेल, मला हे आवडतं.

हा शब्द फार सोज्वळ आहे असंही समजू नका. लोक हितसंबंध जपतात, मतपेढ्या जपतात. काही जण वीस वर्षांपूर्वीचा एकेक अपमान घडी घालून जपून ठेवतात आणि नेमका लग्नकार्यात बाहेर काढतात. (हसू नका, आपल्यातही आहेत.) जपण्यासाठी वस्तू चांगलीच असावी लागते असं नाही. ती आपल्याला सोडवत नाही, एवढं पुरतं.

त्याचे शेजारीही सांगते. 'सांभाळणं' यात जबाबदारी असते. मुलं सांभाळतो, हिशेब सांभाळतो, आणि पाळी संपली की दुसऱ्याकडे सोपवतो. 'जोपासणं' वाढणाऱ्या गोष्टीसाठी. छंद जोपासावा, हल्ली तोही 'जपतात', ते मला तितकंसं पटत नाही. 'जतन' हा मुळात संस्कृत 'यत्न', म्हणजे खटपट. पण आता त्याला काचेच्या कपाटाचा वास येतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यानंतर भाषणांत हे 'जतन' वाढलंय असं मला तरी वाटतं.

पण मला खरं बोलायचंय ते एका वाक्प्रचाराबद्दल. तळहाताच्या फोडासारखं जपणं. लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळे त्याचा विचित्रपणा लक्षातच येत नाही. जपायचंय कोणाला? तर लाडक्या लेकराला. आणि उपमा कसली? फोडाची! दुसरं काही सुचलं नाही का? हिरा होता, फूल होतं, डोळ्यातली बाहुली होती.

मागे घर बदलताना खोकी उचलून माझ्या उजव्या हाताला खरंच फोड आला, आणि मग कळलं. फोड तळहातावर आहे, म्हणजे हात चालू आहे. दार उघडायचंय, भांडं उचलायचंय, गाडी चालवायचीये. फोड आला म्हणून हात कपाटात ठेवून देता येत नाही. मग आपण काय करतो? पकड बदलतो. पिशवी तळव्यावर न घेता बोटांवर घेतो, कडी दुसऱ्या बाजूनं धरतो. सगळी कामं होतात, पण प्रत्येक कामात त्या एवढ्याशा जागेचं भान असतं. आणि विसरलो, तर कळ आपल्यालाच येते. हिऱ्याचं असं नाही. हिरा पेटीत ठेवून माणूस निवांत झोपतो.

म्हणून मला 'जपून ठेवणं' आणि 'जपून वापरणं' हे दोन अगदी वेगळे उद्योग वाटतात. आपल्या मंडळाची ग्रंथपेटी घ्या. पुस्तकं इतकी जपून ठेवली आहेत की किल्ली कोणाकडे आहे यावर गेल्या तीन बैठकांत चर्चा झाली. पुस्तकं खराब होतील म्हणून ती कुणाला द्यायची नाहीत, आणि मराठी वाचणारे कमी झाले म्हणून हळहळायचं. माझी सूचना सोपी आहे: पेटीचं कुलूप काढा. चार पुस्तकं हरवतील, दोन फाटतील. एखाद्या पानावर एखादं पोर पेन्सिलीनं हत्ती काढेल. चालेल. अध्यक्ष मान हलवताहेत. ती होकारार्थी आहे असं मी धरते.

आता घरातली एक गोष्ट सांगते आणि बसते.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं मराठी आमचा निरोप घेणं ऐकून ऐकून तयार झालेलं आहे. जपून जा, जपून चालव, जपून उतर. त्यामुळे तिनं मनाशी एक नियम करून ठेवलाय: माणूस आपल्यापासून दूर जायला लागला की क्रियापदाच्या आधी 'जपून' लावायचं. परवा रात्री फोन ठेवताना ती माझ्या आईला म्हणाली, "आजी, जपून झोप."

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण पलीकडून आई आधीच म्हणाली, "हो गं बाई, झोपते जपून."