माळ्यावरच्या अ‍ॅकॉर्डियनचे किती येतील?

"जर्मन आहे, साठ वर्षं जुना आहे, अँटिक पीस आहे, लाखाच्या खाली द्यायचा नाही." जुना अ‍ॅकॉर्डियन विकायला काढलेल्या घरात गेलात ना की हे ऐकायला मिळणारच, शब्द थोडे इकडेतिकडे. आणि दुसऱ्या टोकाला जुन्या बाजारातला माणूस, तो खोकं न उघडताच म्हणतो दोन हजार देतो, ठेवून जा. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, तो काढायचा कसा ते आज बघूया.

समोर दिसतोय तो लाल अ‍ॅकॉर्डियन पुण्यातल्या एका घरातला. आजोबा ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपती, लग्नं, कॉलेजची गॅदरिंग, जिथे बोलावणं येईल तिथे. ते गेले आणि हा माळ्यावर गेला. पुण्यात अ‍ॅकॉर्डियनचा विषय निघाला की इनॉक डॅनियल्स यांचं नाव निघतंच, आणि मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये गुडी सिरवाई, कर्सी लॉर्ड अशी मोठमोठी मंडळी हेच वाद्य वाजवायची. मग सिंथेसायझर आला. गंमत म्हणजे मुंबईत तो वाजवायला घेणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत कर्सी लॉर्डच होते! ऑर्केस्ट्रावाल्यांनीही कीबोर्ड घेतला, का नाही घेणार, एकाच डब्यात ढीगभर आवाज आणि छातीवर आठ-दहा किलोचं ओझं नाही. म्हणजे किमतीच्या बाबतीत पहिली कटू गोष्ट हीच, की वाजवणारे कमी झालेत. आणि व्हायोलिनसारखं जितकं जुनं तितकं भारी असलं काही इथे चालत नाही, अ‍ॅकॉर्डियनच्या आत मेण आहे, चामडं आहे, फेल्ट आहे, पुठ्ठा आहे, आणि या सगळ्याला वय होतं.

आता नाव बघू. समोरच्या जाळीवर लिहिलंय वेल्टमायस्टर, मागे छोट्या अक्षरात मेड इन जीडीआर. म्हणजे पूर्व जर्मनी, म्हणजे 1949 ते 1990 च्या मधला माल, त्यामुळे "साठ वर्षं जुना" खरं असेल किंवा चाळीसही असेल, घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका. वेल्टमायस्टर सॅक्सनीमधल्या क्लिंगेनथालचा. होनर ही दुसरी जर्मन कंपनी, ट्रॉसिंगेन गावातली, 1857 ची, आधी माउथ ऑर्गन करायचे, अ‍ॅकॉर्डियन नंतर आले. आणि इटलीत कास्टेलफिदार्दो नावाचं गाव आहे, तिथे 1863 च्या सुमारास पाओलो सोप्रानीने अ‍ॅकॉर्डियन बनवायला सुरुवात केली आणि मग अख्खं गावच या धंद्यात गेलं. जगातले सगळ्यात महागडे अ‍ॅकॉर्डियन बरेचसे तिथलेच. पण म्हणून इटलीचं नाव दिसलं की नाचायला लागू नका, एकाच कारखान्यातून निघालेल्या मालावर दुकानदार आपापल्या नावाची पाटी लावायचे, नुसत्या पाटीवरून काही ठरत नाही. क्लिंगेनथालचा माल दणकट असतो, पण तो भरपूर निघाला, आणि भरपूर निघालेल्या वस्तूला अँटिकचा भाव कोण देणार?

बटणं मोजा. इथे डाव्या हाताला सोळा-सोळाच्या पाच रांगा आहेत, म्हणजे 80 बेस. मोठा असतो 120 चा, वीस-वीसच्या सहा रांगा आणि उजवीकडे 41 पट्ट्या. आपल्या या लालला 37. लोकांना वाटतं मोठा म्हणजे महाग, नवा घेताना ते खरंय, पण जुन्यात 72, 80 किंवा 96 बेसचा हलका नग पटकन जातो, कारण घेणारा बऱ्याचदा साठीचा हौशी माणूस असतो आणि त्याची पाठ आधीच दुखत असते.

मग पट्ट्यांच्या वरचे हे स्विच, यांना रजिस्टर म्हणतात. आपल्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, खर्ज-नर-मादी अशा सुरांच्या ओळी असतात ना, तसंच इथेही, खालचा तो बॅसून, मधला क्लॅरिनेट, वरचा पिकोलो. ओळी जितक्या जास्त तितका भाव चढा. यात तीन आहेत. एकेक स्विच दाबून बघा, बदलतोय का आवाज, का नुसता खटका होतोय.

आता खरी परीक्षा, आणि याला पैसे लागत नाहीत. भात्याचे दोन्ही पट्टे सोडा, पियानोच्या म्हणजे उजव्या हाताच्या पट्ट्यांच्या बाजूने घट्ट धरून अ‍ॅकॉर्डियन उचला, एकही पट्टी दाबू नका, आणि खालची बाजू आपल्याच वजनाने किती वेगात खाली येते ते बघा. चांगला असेल तर अगदी निवांत, नको नको म्हणत उघडतो. आमचा? सर्रकन खाली. घरच्यांचे चेहरे पडले पण थांबा, भाता फाटलाच असेल असं नाही, पट्ट्यांखालच्या फेल्टच्या गाद्या झिजल्या तरी हवा तिथून पळते. कानशिलाजवळ धरून हळूच दाबलं की कुठून फुंकर येतेय ते कळतं, इथे ती पट्ट्यांमधूनच येत होती, भात्याचे कोपरे मात्र ठीक होते. हे बरंय, कारण गाद्या बदलता येतात, नवा भाता म्हणजे मोठा खर्च.

पुढे प्रत्येक पट्टी दोनदा वाजवायची, एकदा भाता ओढताना आणि एकदा दाबताना. कारण हार्मोनियमची रीड, म्हणजे सूर देणारी धातूची जीभ, एकाच दिशेच्या हवेला बोलते, इथे एका प्लेटवर दोन जिभा असतात, एक ओढायची, एक दाबायची. आमच्याकडे मधला एक सा असा निघाला की उघडताना गोड आणि मिटताना गप्प. खालच्या दोन पट्ट्यांतून नुसतीच घरघर. बेसची काही बटणं तर दाबल्यावर आतच राहिली.

खोकं उघडल्यावर वास आला होता तोही हिशोबात धरा. डांबरगोळ्यांचा वास जातो, बुरशीचा कुबट वास सहजासहजी जात नाही, आणि त्याचा अर्थ आत ओल पोचलीय असा असू शकतो.

म्हणून शेवटी आत बघावंच लागतं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी भात्याच्या कडेच्या खिळ्या चिमट्याने एकेक ओढून काढल्या, कुठली कुठल्या भोकातली ते कागदावर तशाच क्रमाने टोचून ठेवल्या, आणि पियानोची बाजू अलगद उचलली. आत लाकडी ठोकळे, त्यांवर ओळीने रीड बसवलेल्या, आणि त्यांना जागेवर धरणारं मेण, मधमाशीचं मेण आणि राळ मिसळून केलेलं. हे मेण ताजं असताना नखाने दाबलं की दबतं. काकांनी नख लावलं तर टचकन तुकडा उडाला. दोन रीड तर सुटून ठोकळ्याच्या तळाशीच पडलेल्या, म्हणूनच ती घरघर. माळ्यावर पत्र्याखाली मे महिन्यात काय तापतं ते आपल्याला माहितीय, मेण मऊ पडतं, पुन्हा घट्ट होतं, असं वर्षानुवर्षं चालल्यावर वेगळं काय होणार. रीडवरची चामड्याची पट्टी सपाट पाहिजे, इथे निम्म्या वळून वर आल्यात. अ‍ॅकॉर्डियन वाजवताना जसा उभा असतो तसाच उभा ठेवायचा असतो ते याच्यासाठी, आडवा टाकला की या चामड्याच्या पट्ट्या लोंबतात.

गंज मात्र नावालाच निघाला, पुण्याची हवा कोरडी त्याचं हे पुण्य, कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिला असता तर गोष्ट वेगळी. गंज खरवडला की पोलाद कमी होतं आणि सूर हलतो, टोकाकडून घासलं तर चढतो, मुळाकडून घासलं तर उतरतो. सूर लावतात तेही याच पद्धतीने.

आता हिशोब. 37 पट्ट्या, तीन ओळी, प्रत्येक सुराला दोन जिभा, झाल्या 222. बेसच्या धरल्या की तीनशेच्या पुढे. प्रत्येक रीड काढायची, साफ करायची, चामडं बदलायचं, नव्या मेणात बसवायची, सूर लावायचा. हे महिन्याभराचं काम आहे, आणि हे काम येणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चांगला हार्मोनियमवाला असेल तरी आधी विचारा की मेणाचं काम केलंय का, नाहीतर सरळ डिंक लावून चिकटवून देतात आणि पुढच्या कारागिराच्या डोक्याला ताप.

म्हणजे उत्तर असं निघतं. समजा हेच मॉडेल नीट वाजणारं 35 हजाराला जातंय आणि यावर खर्च आहे 25 हजार, तर घेणाऱ्याच्या लेखी याची किंमत 10, तीही धोका पत्करून, त्यामुळे तो 7 म्हणेल. आकडे माझे, उदाहरणापुरते, पण वजाबाकी हीच. आणि तो 35 चा आकडा ऑनलाइन जाहिरातीतून उचलू नका हं, तिथे लोक वर्ष-वर्ष तोच लाखाचा फोटो लावून बसलेत, विकला कितीला गेला तेवढंच बघायचं. आधी दुरुस्त करून मग विकू, हेही सहसा परवडत नाही. अपवाद आहेत, होनरचा मोरिनो किंवा गोला, इटालियन हाताने केलेल्या रीड, आत कासोत्तो म्हणजे आवाज घुमवणारी खोली असलेला नग, असं काही निघालं तर दुरुस्तीचा खर्च निघून वर उरतात. तसा निघाला तर घाई करू नका, दोन जाणकारांना दाखवा.

आमच्या लालचं तसं नाही. काकांनी पार्टसाठी म्हणून भाव सांगितला, घरच्यांना तो कमी वाटला, मुलगा म्हणाला एकदा खरं काय ते लिहून जाहिरात टाकू, वाजवणारा कोणी आला तर बरं. जाहिरात अशी गेली: वेल्टमायस्टर, 80 बेस, 37 पट्ट्या, तीन ओळी, लाल. भाता चांगला, गंज किरकोळ. मेण पूर्ण बदलावं लागेल, फेल्टही. बेसची काही बटणं अडकतात. आतले फोटो जोडलेत. येऊन वाजवून बघा, फोन संध्याकाळी 6 नंतर, भाव थोडा कमी-जास्त होईल.